ग्रॅनाइटचा दगड

गूल्सबींच्या घरात एखादी गोष्ट ठरवायची असली की ती रविवारी ठरायची, चर्चहून आल्यावर, सगळ्यांची पोटं भरल्यावर. उपाशी माणसाने घेतलेला निर्णय सोमवारी बदलतो, असं आई म्हणायची. सप्टेंबरात आई गेली, पण रविवार राहिला, टेबल राहिलं, आणि तिची खुर्ची कुणी जागची हलवली नाही.

या रविवारी ठरवायचं होतं ते सेड्रिकचं. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत त्याच्या सहीचा कागद न्यूयॉर्कला पोचला, तर तो विद्यापीठाचं शेवटचं वर्ष सोडून अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांच्या निवडीला उभा राहणार होता. नाही पोचला, तर आणखी एक वर्ष तिथेच खेळणार, उरलेले विषय पुरे करणार आणि पुढच्या मे महिन्यात झगा घालून पदवी घेणार. एकदा कागद गेला की मागे फिरायला वाट नव्हती. बेथेल क्रीक गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाचं त्यावर मत होतं. त्यातलं त्याच्या थोरल्या बहिणीचं, व्हर्डेलचं मत तर अख्ख्या गावाला पाठ होतं. हायस्कूलच्या ग्रंथालयात टेबलाशी उभं राहून गेलं वर्षभर ती एकच सांगत आली होती, माझा भाऊ आधी पदवी घेईल, मग काय वाटेल ते करील. सेड्रिकच्या उरलेल्या नऊ विषयांची यादी तिने फ्रिजवर चिकटवली होती. एकेक विषय झाला की ती त्यावर रेघ मारणार होती.

आज ती यादीकडे बघत नव्हती. ओव्हनसमोर उभी राहून कॉर्नब्रेड भाजलं की नाही हे तिसऱ्यांदा पाहत होती.

"अगं, सारखं दार उघडलंस तर भाजेल कसं ते?" ओझेला मावशी म्हणाली. "हो बाजूला. तुझ्या आईने तुला पुस्तकं दिली आणि चूल मला दिली. जिचं तिने सांभाळावं."

व्हर्डेल बाजूला झाली. एकेचाळीस वर्षांची बाई, पण मावशीपुढे ती अजून परकरातली होती.

काल दुपारी लाइल प्रूइट येऊन गेला होता. अटलांटाच्या एका एजंटाचा माणूस. पोरांना संघ मिळवून देणं, त्यांचे करार करणं हा त्या एजंटाचा धंदा, आणि त्याच्यासाठी गावोगाव फिरून पोरांच्या आया-बहिणींशी गोड बोलणं हा प्रूइटचा. तो ओसरीच्या पायरीवरच थांबला होता, टोपी हातात धरून.

"येताना पाहून आलो," तो म्हणाला. "चर्चच्या त्या सगळ्या अंगणात तुमच्या आईच्या थडग्याचा दगड उठून दिसतो, मिस गूल्सबी."

"यात कसली अट नाही, असं म्हणाला होतात तुम्ही."

"अट कुठे घालतोय मी? मी एवढंच म्हणतोय, नोव्हेंबरापासून सेड्रिकला आम्ही आपला मानतो. आपलं माणूस तिथे आणखी वर्षभर फुकट हाडं मोडून घेतंय, हे कुणाला बघवेल?"

"आणि तो राहिला तर?"

प्रूइटने टोपीच्या आत पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं होतं. "तर काय? दगड मिळाल्याच्या कागदावर तुमची सही आहे. मी काही कुणाला दाखवणार नाही. पण ऑफिस मोठं आहे बघा. दहा जणांचे हात लागतात कागदाला."

इतकं बोलून, मोटारीतली संत्र्यांची टोपली पायरीवर ठेवून तो गेला होता. टोपली तिने शेजारच्या कुत्र्याच्या घरामागे नेऊन ओतली. त्याने काय होणार होतं?

तिला नियम माहीत नव्हता असंही नाही. विद्यापीठ दर ऑगस्टात घरच्यांसाठी एक पुस्तिका पाठवी. बाकीच्या घरांत तिच्यावर कॉफीचे कप ठेवले जात. व्हर्डेलने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, पेन्सिलीने खुणा करत. एजंटाच्या माणसाकडून खेळाडूने काही घ्यायचं नाही, खेळाडूच्या घरच्यांनी काही घ्यायचं नाही. घेतलं तर त्या दिवसापासून पोरगा खेळायला अपात्र. "म्हणजे कोकची बाटलीसुद्धा नाही, आई," असं तिने या टेबलाशी बसून आईला समजावलं होतं.

तरी तिने दगड घेतला. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा घासलेला, वर आईचं पूर्ण नाव.

का घेतला, हे ती कुणाला सांगू शकली नसती. त्या चर्चच्या अंगणातल्या सगळ्या थडग्यांवर होझिया मामांच्या हातचं सिमेंट होतं. लाकडी साच्यात सिमेंट ओतायचं, थोडं घट्ट झालं की खिळ्याने नाव कोरायचं आणि वाळल्यावर पांढरा रंग द्यायचा. चाळीस वर्षं बेथेल क्रीकची मेलेली माणसं मामांच्या अक्षरात झोपत आली होती. मामा त्याचा एक पैसा घेत नसत. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवा हात थरथरायला लागला. आईच्या दफनाला विद्यापीठाचे कोच आले होते, सूट घातलेली साठ पोरं आली होती. वडिलांच्या, मामांनी झटक्यानंतर कोरलेल्या दगडाशेजारी उभी राहून ती पोरं खाली घसरत गेलेली अक्षरं वाचत होती, आणि एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. ते व्हर्डेलने पाहिलं. "साचा तयार आहे," मामा त्या संध्याकाळी म्हणाले. "हवा कोरडी झाली की ओततो." तिने मान हलवली. आणि ऑक्टोबरात प्रूइट जेव्हा नम्रपणे म्हणाला की अशा आईच्या डोक्याशी काहीतरी साजेसं हवं, तेव्हा ती नाही म्हणाली नाही. घरी तिने सांगितलं, शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढली.

मामा त्यावर एवढंच म्हणाले होते, "चांगली माणसं आहेत."

जेवणं झाली. कोलार्डची भाजी संपली, कोंबडी संपली, रताळ्याच्या गोडाचा शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा म्हणून तसाच राहिला. सेड्रिकने खुर्ची मागे ढकलली आणि खिशातून एक पाकीट काढलं. सव्वासहा फूट उंचीचा पोरगा, मान बैलाची आणि आवाज मात्र मऊ, आईचा.

"निवडीच्या सल्लागार समितीचं पत्र आलंय," तो म्हणाला. "त्यांना विचारलं होतं ना, मी आत्ता आलो तर कितवा निवडला जाईन. ते म्हणतात, पहिल्या तीन फेऱ्यांत नाही. परत जा, आणखी एक वर्ष खेळ, असं लिहिलंय."

"आलेलुया!" मावशीने टेबलावर थाप मारली. "संपला विषय. व्हर्डेल, कॉफी टाक."

"काही संपला नाही," होझिया मामा म्हणाले. ते डाव्या हाताने अक्रोडासारखे पिकान फोडत होते, उजवा हात मांडीवर दाबून. "समितीने कधी पाठीत हेल्मेट खाल्लंय का? पुढच्या वर्षी गुडघा गेला तर ती समिती येणार आहे का याला कुबड्या आणून द्यायला? जाऊ दे पोराला. आत्ता."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू आयुष्यभर पायऱ्या ओतल्यास."

"आणि त्या पायऱ्यांवरून तू अजून चर्चात चढतेस, ओझेला. एक तरी हलली का?"

"विषय बदलू नकोस! दोन वर्षं हा माणूस म्हणत होता शिकू दे, शिकू दे. नोव्हेंबरापासून याच्या अंगात काय संचारलंय देव जाणे. जाऊ दे, जाऊ दे, नुसता तगादा." मावशी सेड्रिककडे वळली. "तू आईला शब्द दिलायस. दवाखान्यात, माझ्यासमोर. झगा घालीन म्हणालास."

"माहितीय मावशी."

"मग?"

"मला राहायचंच आहे," सेड्रिक म्हणाला. "मी काही पत्राची वाट बघत नव्हतो. पण ताईचं ऐकायचं होतं आधी." आणि तो हसून व्हर्डेलकडे वळला. "सांग ताई. नऊ विषय. यादी घेऊन ये."

सगळे तिच्याकडे पाहत होते. मावशीच्या चेहऱ्यावर तर आधीच विजय होता.

"मामांचं बरोबर आहे," व्हर्डेल म्हणाली.

ती पुढे बोलत राहिली. तिला चांगलं बोलता येत असे, आणि आज त्याचीच तिला भीती वाटली. ती म्हणाली की समित्या जपून लिहितात, शेवटी संघ आपल्या डोळ्यांनी बघतात. पदवी काय, केव्हाही घेता येते, पाय मात्र केव्हाही मिळत नाहीत. आईला त्याचं भलं हवं होतं, झगा ही नुसती एक रीत. एकेक वाक्य घासूनपुसून बाहेर पडत होतं, आणि एकही तिचं नव्हतं.

"झगा नुसती रीत?" सेड्रिकचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, त्याला वाटत होतं ती चेष्टा करतेय. "ताई, मी चौथीत परीक्षेत नापास झालो म्हणून तू मला तीन महिने चेंडूला हात लावू दिला नव्हतास. तू बोलतेयस का हे?"

"माणसाचं मत बदलतं."

"शुक्रवारी फोनवर नव्हतं बदललेलं."

"काय झालंय तुला?" मावशी उठून उभी राहिली. "आईला जाऊन चार महिने नाही झाले आणि तिचा शब्द तू रीत म्हणून उडवतेस? तुला पैसा दिसायला लागला वाटतं. मोठं घर दिसलं असेल. एवढी पुस्तकं वाचून शेवटी..."

"ओझेला, खाली बस," मामा म्हणाले.

"मी का बसू?"

"बस म्हटलं ना." त्यांनी हातातला पिकान न फोडता ताटलीत ठेवला. व्हर्डेलकडे पाहिलं नाही. "पोरी, आता सांगून टाक. मी तुला वेळ दिला, वाट दिली, तुला बोलावं लागू नये म्हणून याला इथून घालवायला बघितलं. पण तू याला खोटं सांगून घालवशील तर तो जन्मभर तुला ओळखणार नाही."

व्हर्डेल मामांकडे वळली. "तुम्हाला केव्हापासून माहितीय?"

"दगड बसवला त्याच आठवड्यापासून. खालचा कोपरा थोडा उडाला होता. मी तालुक्याच्या दगडवाल्याकडे गेलो, म्हटलं, चुरा दे, भरून काढतो. तो म्हणाला, ऑर्डर अटलांटाहून आली, त्यांनाच विचारा. त्याने नाव सांगितलं. मग मी घरी आलो." मामांनी तोंडावरून हात फिरवला. "तो कोपरा अजून तसाच आहे. माझ्याने तेवढंही नाही झालं."

सेड्रिक एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होता. "कुठली ऑर्डर? कसलं नाव?"

तेव्हा व्हर्डेलने सांगितलं. फार वेळ लागला नाही. लाइल प्रूइट, ऑक्टोबर, सही, काल दुपार. पुस्तिकेतलं ते पान आपण वाचलं होतं, हेही तिने सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मावशी कधी खाली बसली ते कुणाला कळलं नाही.

सेड्रिकने विचारलं ते खेळाबद्दल नव्हतं. "मामांनी साचा केला होता ना?"

"हो."

"मग?"

"मला..." तिला शब्द सापडेना. खरं तर तो केव्हाचा सापडला होता. "मला लाज वाटली. तुझ्या मित्रांसमोर."

"मामांच्या हाताची?"

मामांनी उजवा हात मांडीवरून उचलून टेबलाखाली नेला, आणि व्हर्डेलला वाटलं, याहून त्यांनी मला मारलं असतं तर बरं.

"दगड बसला केव्हा?" सेड्रिकने विचारलं. आता त्याचा आवाज मैदानावरचा होता, हिशेबी.

"नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात."

"म्हणजे तीन सामने. दोन शेवटचे, आणि नव्या वर्षाचा तो मोठा. तिन्ही आम्ही जिंकलो. आणि तिन्ही मी खेळायला नको होतो." त्याने पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. "मी राहिलो आणि हे फुटलं, तर ते तिन्ही विजय नोंदीतून पुसतील. माझ्या खोलीतला ब्रँट तीन ऑपरेशनं करून तो सामना खेळलाय, ताई. झोपताना त्या विजयाची अंगठी काढत नाही बोटातली."

"मी जाते विद्यापीठात. उद्याच. सांगते, याला काही ठाऊक नव्हतं, सगळं मी केलं."

"मला ठाऊक होतं की नाही हे कोण विचारतंय? मैदानावर मी होतो."

"पण मग तू प्रूइटच्याच एजंटाबरोबर सही करणार? तीच त्याची इच्छा आहे."

"त्या एजंटाशी सही केली तर प्रूइट गप्प बसेल. त्याचं पोट त्यातच आहे." तो उठला, त्याचं डोकं दिव्याला लागता लागता राहिलं. "बुधवारी कागद जाईल. कुणी विचारलं तर मी सांगेन, मला पैसा हवा होता. सगळे तेच सांगतात, कुणाला नवल वाटणार नाही."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. तू काही करायचं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाहीस." तो दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "तुला तेच जमणार नाही. पण जमव."

कागद बुधवारी गेला. गुरुवारी वर्तमानपत्रात आलं, आणि शुक्रवारी ग्रंथालयात आलेल्या एका पोराने विचारलं, "मिस, मग आम्ही तरी कशाला शिकायचं?" व्हर्डेलने त्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक परत दिलं.

पुढच्या रविवारी चर्च भरलेलं होतं. रेव्हरंड टिलमननी उपदेश संपवून सेड्रिकला पुढे बोलावलं. गावातून कुणी बाहेर पडायला निघालं की त्याने उभं राहून चार शब्द सांगायचे आणि मंडळींनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, अशी तिथली पद्धत होती. सैन्यात जाणाऱ्यांसाठी ती होई, नर्सिंग शिकायला निघालेल्या मुलींसाठी होई. व्हर्डेल कॉलेजला निघाली तेव्हा तिच्यासाठीही झाली होती, आणि लोक इतके मोठ्याने ओरडले होते की खिडकीची काच हलली होती.

सेड्रिक वेदीसमोर उभा राहिला. "मी विद्यापीठ सोडतोय," तो म्हणाला. "मी आईला शब्द दिला होता, तो मी मोडतोय. मला कुणी भरीला घातलं नाही. माझ्या बहिणीने तर शेवटपर्यंत राहा म्हणून सांगितलं. पण मला पैसा हवाय आणि मला थांबायचं नाही. एवढंच."

मागच्या बाकांवरून तुरळक टाळ्या आल्या. पुढच्या बाकांवर, आईच्या मैत्रिणी बसत त्या बाकांवर, एकही हात हलला नाही. एका म्हातारीने पंखा बंद करून मांडीवर ठेवला.

रेव्हरंडांनी सुस्कारा सोडला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीच सेड्रिकला बाप्तिस्मा दिला होता. "खरं बोललास, हे तरी केलंस," ते म्हणाले. "घरच्यांनी पुढे या." आणि व्हर्डेल जवळ आल्यावर हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू तुझं केलंस, पोरी. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

ती सेड्रिकच्या पाठीमागे उभी राहिली. एका बाजूला ओझेला मावशी, रडून चेहरा सुजलेला. दुसऱ्या बाजूला होझिया मामा. मावशीचा हात पोचेना, म्हणून सेड्रिक गुडघ्यात वाकला, आणि तिघांचे हात त्याच्या खांद्यांवर आले. मागून मंडळी आली. ज्यांना सेड्रिकला हात लावता येईना त्यांनी पुढच्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणाचा तरी जड, उबदार तळवा व्हर्डेलच्या पाठीवर टेकला.

"प्रभो," रेव्हरंड म्हणाले, "हा पोरगा तुझ्या मोठ्या जगात चाललाय. पैशाच्या मोहाने त्याला आंधळं केलंय, त्याला क्षमा कर. मरणाऱ्या आईला दिलेला शब्द त्याच्याने पाळवला नाही, त्याला क्षमा कर. ज्यांनी त्याला चांगलं शिकवलं त्यांची लाज त्याने राखली नाही, त्याला क्षमा कर."

प्रत्येक वाक्यामागे मंडळींचा हुंकार उठत होता. व्हर्डेलच्या हाताखाली भावाचा खांदा होता. तो हलला नाही. तिने एकदा तोंड उघडलं. सेड्रिकने डोकं न उचलता, तिच्या बाजूला जेमतेम इंचभर मान वळवली, आणि ती थांबली.

"आमेन," रेव्हरंड म्हणाले.

"आमेन," सेड्रिक म्हणाला, सगळ्यांच्या आधी, स्पष्ट.

"आमेन," चर्च म्हणालं. मावशीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मामांनी ओठ मिटलेलेच ठेवले, आणि कापणारा हात आणखी घट्ट दाबला.

पुढच्या बाकावरची म्हातारी व्हर्डेलकडे पाहत होती, वाट पाहत होती.

"आमेन," व्हर्डेल म्हणाली.